वडील आयसीयूत एकटेच गेले. ख्रिस्ती लोकांना मरणाबद्दल खरंच दिलासा मिळतो, की ती मनाची समजूत असते?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. त्या रात्री तुम्ही दाराबाहेर होतात, आत सोडलं नाही, आणि चार महिने झाले तरी डोळ्याला डोळा लागत नाही. मी मूळची नगरची, मराठी ख्रिस्ती घरातली. लग्न होऊन गोव्यातल्या सासष्टीत आले त्याला 22 वर्षं झाली. मला जे मिळालं तेवढंच सांगते.

आशा असली की दुःख होत नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. माझे सासरे गेले तेव्हा ओळखीतल्या एक बाई म्हणाल्या, "तुम्ही विश्वासातली माणसं, तुम्ही कशाला रडता?" पुढचे कित्येक दिवस मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. मग एका रात्री बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 11वा अध्याय उघडला. लहानपणी तो पाठ होता, पण वाचला असा त्या रात्रीच.

लाजर मरून चार दिवस झालेत. त्याची बहीण मार्था येशूला तोंडावर म्हणते, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. तुम्हीही तेच लिहिलंय, "कोणी जवळ असतं तर." येशू तिला गप्प बसवत नाही. तो म्हणतो, "पुनरुत्थान व जीवन मीच आहे." आणि थोड्याच वेळात आपण लाजराला कबरेतून हाक मारणार हे ठाऊक असूनही, त्याची दुसरी बहीण मरिया रडताना बघून तो स्वतः रडतो. ज्याच्या हातात उपाय होता तोच रडला. मी नळ बंद केला आणि स्वयंपाकघरात येऊन सासूबाईंच्या शेजारी बसून रडले.

सासऱ्यांना आम्ही पाय म्हणायचो, म्हणजे कोंकणीत वडील. ते जूनमध्ये गेले, ऐन पेरणीत. आदल्या दोन दिवसांत त्यांनी भाताचं बियाणं भिजवून गोणीत भरलं होतं, वर पेंढा आणि दगड ठेवून. दफनाला पाऊस कोसळत होता. खड्ड्यात तांबडं पाणी साचलेलं, खणणाऱ्यांनी ते डब्याने उपसलं. पाद्रींनी पवित्र पाणी शिंपडलं, आणि आम्ही एकेकाने मूठ मूठ माती टाकली. मूठमाती हा शब्द मी जन्मभर वापरला होता, पण त्याचं वजन त्या दिवशी हाताला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "बाय, बियाणं बघ गो, कुसून जाईल." गोणी सोडली. आत हात घातला तर ऊब. दाण्यादाण्याला पांढरा मोड फुटलेला, मुळं एकमेकांत गुंतलेली, आंबूस वास. ज्याने भिजत घातलं तो माणूस मातीखाली होता, आणि त्याचं बियाणं थांबायला तयार नव्हतं. नवऱ्याने आणि मी दुपारी वाफ्यात ते फेकलं. आठवड्याभरात तरवा हिरवा झाला.

प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 15व्या अध्यायात हेच उदाहरण आहे: तू पेरतोस तो नुसता दाणा, पुढे येणारं अंग देव देतो. आमच्या विश्वासाचं मर्म इथे आहे. आत्मा सुटला आणि देह टाकून दिला, एवढ्यावर आम्ही थांबत नाही. रविवारी चर्चमध्ये म्हणतो त्या विश्वासांगीकारात 'देहाचे पुनरुत्थान' हे शब्द आहेत. पायचे ते भेगाळलेले तळवे देवाला नकोसे झाले नाहीत, ते पेरलेत. मोड म्हणजे पुरावा नव्हे, हे मलाही कळतं. पौल स्वतः तिथेच म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ आहे. सगळा भार त्या एका रिकाम्या कबरेवर आहे. मी त्यावर भार टाकलाय.

आता तुमच्या मनातला खरा काटा, ते एकटे गेले हा. जुन्या गोव्याला तुम्ही गेलाच असाल. ज्या संत फ्रान्सिस झेवियरला सगळा गोवा 'गोंयचो सायब' म्हणतो, ज्याच्या शवाच्या दर्शनासाठी 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 पर्यंत रांगा लागल्या, तो मेला कसा ठाऊक आहे? 3 डिसेंबर 1552 ला, चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचियन बेटावर, वयाच्या 46व्या वर्षी. चीनला जायचं स्वप्न अर्धवट, अंगात ताप, आसऱ्याला झोपडी. आई नाही, सोबती पाद्री नाहीत, उशाशी फक्त अंतोनियो नावाचा एक चिनी तरुण. असं मरण आलं म्हणून देव त्याच्यापाशी नव्हता, असं इथे कुणाच्या मनातही येत नाही. आणि खुद्द येशूचे शिष्य त्याला पकडल्यावर पळून गेले, क्रुसावर त्याने "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" असा टाहो फोडला. ज्या दाराबाहेर तुम्हाला थांबवलं, त्या दाराच्या आत तो होता असं मी मानते. एकटं मरणं काय असतं हे त्याला ठाऊक आहे.

भीती अजून येते का? येते. मध्यरात्री छातीत धडधडतं, मीही उठून बसते. पण आता त्या अंधारात कुणाशी तरी बोलता येतं.

तुम्ही धर्म बदलावा असं मी म्हणत नाही. तो 11वा अध्याय मात्र एकदा सावकाश वाचा, मार्थाच्या जागी बसून. जमलं तर 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, जवळच्या सिमितेरीत म्हणजे ख्रिस्ती दफनभूमीत जा. इथल्या काही सिमितेरींच्या दारावर 'आज म्हाका, फाल्यां तुका', म्हणजे आज मला, उद्या तुला, असं कोरलेलं असतं. लग्नानंतर पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दचकले होते. त्या दिवशी त्याच दारातून पोरंबाळं झेंडू नि मेणबत्त्या घेऊन आत जातात, पाद्री कबरींना आशीर्वाद देत फिरतात. आमच्या नगरच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत, कॅथलिक सासरी करतात. सुरुवातीला मी वाद घालायचे, आता सासूबाईंच्या शेजारी गुडघे टेकते.

पायची मूळ जागा आता दुसऱ्या कुणाला दिलीय. इथे काही वर्षांनी हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. यंदा त्या कोनाड्यापुढे एक मेणबत्ती तुमच्या वडिलांसाठी लावीन. चालेल ना?