आमच्या ऑफिसातला पोलंडचा नोवाक आणि प्रागची नोवाकोवा एकमेकांचे नातलग असतील का? या आडनावाचा अर्थ काय?

तुमच्या ऑफिसातल्या या दोघांचं नातं असण्याची शक्यता फार कमी आहे. आडनाव एकच, पण ते एका घराण्यातून पसरलेलं नाही. गावोगावी वेगवेगळं रुजलं. मी चेकियातल्या ब्रनो शहरात राहत होते तेव्हा आमच्या इमारतीच्या बेलपाशी तीन नोवाक होते, आणि तिघं एकमेकांचे कुणी लागत नव्हते.

चेक भाषेत 'नोवी' म्हणजे नवा. आपला 'नवा', संस्कृत 'नव' आणि हा 'नोवी' एकाच मुळाचे. त्याला '-आक' जोडून झालं नोवाक, म्हणजे गावात नवा आलेला माणूस. परगावचा कुणी येऊन शेत कसू लागला की लोक त्याला याच नावानं ओळखायचे. पुढे कायमची आडनावं कागदावर चढली, आणि घराणं गावात जुनं झालं तरी नाव 'नवा'च राहिलं. आज चेकिया, पोलंड आणि स्लोव्हेनिया, तिन्ही देशांत हे सर्वांत जास्त आढळणारं आडनाव आहे. एकट्या पोलंडमध्ये सुमारे २ लाख लोक ते लावतात.

मला यातलं एक फार भिडतं. आपलं सातारकर किंवा पंढरपूरकर, माणूस कुठला ते सांगतं. नोवाक एवढंच सांगतं की तो आला. कुठून आला, हे नावात उरलंच नाही.

रूपं मात्र बदलतात. चेक बाई नोवाकोवा होते. २०२२ पासून '-ओवा' न लावण्याची मोकळीक तिथल्या सगळ्या बायकांना आहे. पोलंडमध्ये आता बाईही नोवाकच. पूर्वी तिथे बायकोला नोवाकोवा आणि लेकीला नोवाकुव्ना म्हणत. पूर्व जर्मनीतल्या सोर्ब लोकांच्या नोवाकचं जर्मन वळणानं 'नोआक' झालं. हंगेरीतही हे आडनाव आहे, पण तिथे आडनाव आधी आणि नाव नंतर. सर्बियात तर नोवाक हे पाळण्यातलं नाव. टेनिसपटू जोकोविचचं तेच, आणि त्यावरून झालेलं आडनाव नोवाकोविच, म्हणजे नोवाकचा मुलगा.

तरी शोध घ्यायचाच असेल, तर दोघांना पणजोबांचं गाव विचारा. तिथल्या चर्चच्या जन्म-लग्नाच्या नोंदवह्यांतून धागा लागू शकतो, आडनावावरून नाही.