वाचक विचारतात: लायसन मंजूर झालं, आता छोटं रिव्हॉल्व्हर कोणतं घ्यायचं?

मागच्या अंकात शस्त्र परवान्याची प्रोसेस लिहिली होती, कलेक्टर ऑफिसचा अर्ज, पोलीस रिपोर्ट, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट वगैरे. त्याच्यावर लई पत्रं आली. निम्म्यांना लायसन कसं "बसवायचं" हेच विचारायचं होतं, त्यांना उत्तर नाही. बाकीच्यातली चार घेतलीत.

प्रश्न: काका नमस्कार. लातूरच्या मोंढ्यात आमची आडत आहे. सोयाबीनच्या सीझनला रोकड घेऊन रात्री आठ-नऊला गावाकडं निघावं लागतं, मागच्या वर्षी रस्त्यात अडवायचा प्रकार झाला, गुन्हा नोंद आहे, त्याच्यावरच लायसन मंजूर झालंय. आता मित्र म्हणतो निर्भीक रिव्हॉल्व्हर घे, हलकं आहे, खिशात बसतंय. मेव्हणा म्हणतो पिस्तूलच घे, गोळ्या जास्त बसतात. दुकानदार प्रबल नावाचं रिव्हॉल्व्हर दाखवायलाय. माझी अट एकच, शर्टाच्या आत दिसायला नको. कोणतं घेऊ?
— एक आडत्या, लातूर

उत्तर: शेठ, दिसायला नको ही तुमची अट नाही, कायद्याचीच आहे. २०१६ च्या शस्त्र नियमातला ८ वा नियम सांगतो की हँडगन सार्वजनिक ठिकाणी न्यायचं तर ते अंगाला लावलेल्या होलस्टरमध्ये (म्हणजे हत्याराच्या म्यानात) नाहीतर सॅकसारख्या पिशवीत पाहिजे, पूर्ण झाकलेलं पाहिजे आणि तुमच्या ताब्यात पाहिजे. कमरेचं दाखवत लग्नात फिरणारे आपल्याकडं कमी नाहीत, शर्ट मुद्दाम वर करून बसतात, त्यांना हे कोणीतरी वाचून दाखवा.

आता हत्याराचं. सामान्य माणसाला ९ एमएम, .३८ असले सरकारी बोअर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) मिळत नाहीत, म्हणजे तुमच्यापुढं बहुतेक .३२ किंवा .२२ एवढंच. विलायती जुन्याच्या नादी लागू नका, ऐंशीच्या दशकात आयात बंद झाली तेव्हापासून जे फिरतंय तेच फिरतंय, किंमत लाखांत आणि स्पेअर पार्ट कुठंच नाही.

निर्भीक २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी फॅक्टरीनं काढलं, दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर, बायकांसाठी म्हणून. टायटॅनियम अलॉयची बॉडी, वजन अर्धा किलोच्या आसपास, सहा गोळ्या, त्या वेळी किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. प्रबल २०२३ च्या ऑगस्टमध्ये आलं, त्याच कानपूरचं, पण आता कंपनीचं नाव एडब्ल्यूईआयएल (अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेड) झालंय कारण २०२१ ला ऑर्डनन्स बोर्ड मोडून सात कंपन्या केल्या. प्रबलचं वजन ७०० ग्रॅम, नळी ७६ मिलीमीटर, पूर्ण लांबी १७७ मिलीमीटरच्या वर थोडी. म्हणजे लांबीत दोन्ही जवळपास सारखेच, फरक वजनाचा आणि उघडायच्या पद्धतीचा. निर्भीक आणि जुनं .३२ मधोमध मोडून उघडतंय, प्रबलचं सिलिंडर, म्हणजे गोळ्या बसतात तो गोल भाग, बाजूला बाहेर येतं.

हलकं म्हणजे चांगलं हे सगळ्यांच्या डोक्यात एवढं पक्कं बसलंय की कोणी उलटं ऐकूनच घेत नाही. अहो हलकं हत्यार बाळगायला सोपं, मारायला अवघड. गोळी तीच, दारू तेवढीच, मग मागं बसणारा झटका जड हत्यार पिऊन टाकतं आणि हलकं तुमच्या मनगटाला देतं. .३२ रिव्हॉल्व्हरची गोळी तशी मवाळ असते, हात काही मोडत नाही, पण पहिल्या गोळीनंतर नळी किती वर उडाली आणि परत नेमावर यायला किती वेळ लागला हे दोन्ही हत्यारं हातात धरून मारलं तरच कळतंय. त्यात नळी आखूड, पुढची माशी आणि मागची खाच यातलं अंतर कमी, म्हणजे हात सुताभर हलला तरी दहा पावलांवर गोळी वीतभर बाजूला. पेपरात प्रबलची रेंज ५० मीटर छापून आली ती वाचून लोक खूश झाले, पण रात्री अंधारात गाडीचा दरवाजा उघडून कोणी ओढायला लागलं तर ते अंतर दोन हाताचं असतंय, ५० मीटरवर जो उभा आहे त्याच्यापासून तुम्ही गाडी पळवायची.

पिस्तुलाबद्दल मेव्हणे चुकीचं बोलत नाहीत, अशनी नावाचं .३२ पिस्तूल चपटं आहे, शर्टात कमी फुगतं, मॅगझीनमध्ये गोळ्या जास्त. फक्त एक सांगतो, रिव्हॉल्व्हरची आणि पिस्तुलाची .३२ ही वेगवेगळी काडतुसं आहेत, एकाचं दुसऱ्यात चालत नाही, दुकानात मागताना नीट सांगा. आणि पिस्तूल म्हणजे स्लाइड ओढा, सेफ्टी बघा, मॅगझीन काढलं तरी नळीत एक राहिलेली असू शकते हे लक्षात ठेवा, गोळी अडकली तर काढायला शिका. माझं आयुष्य शस्त्रागारात गेलं, रोज हाताळणारे पोलीसवाले मॅगझीन काढून "खाली आहे" म्हणून चाप ओढताना मी बघितलेत. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी फुसकी निघाली तर परत चाप ओढला की सिलिंडरमधलं पुढच्या गोळीचं घर येतं, विषय संपला. ज्या माणसाला वर्षातून दोनदा हत्यार कपाटातून काढायचंय त्याला रिव्हॉल्व्हरच बरं.

तुमचं आणखी एक आहे जे तिघांपैकी कोणी विचारलं नाही, ते म्हणजे तुम्ही बसता कसे. आडतीवर दिवसभर गादीवर मांडी घालून बसणार, पोट पुढं (माफ करा, पण आडत्यांचं असतंच), मग पुढं लावलं तर मूठ पोटात आणि नळी जांघेत रुततीय, दोन दिवसात काढून गल्ल्यात ठेवाल. गल्ल्यात ठेवलं म्हणजे हमाल, मुनीम, पोरंसोरं सगळ्यांच्या हाताला लागलं. उजव्या कुशीला, कमरेच्या हाडाच्या थोडं मागं, पँटच्या आत बसणारं होलस्टर बघा, चाप पूर्ण झाकणारं. त्याच्यासोबत जाड, दुहेरी चामड्याचा पट्टा घ्या, कारण ७०० ग्रॅम वजन मऊ पट्ट्यावर लोंबकळतंय आणि मग दर पाच मिनिटाला माणूस हातानं वर ओढतो, आख्ख्या मोंढ्याला कळतंय शेठच्या कमरेला काय आहे. सदरा सैल आणि दोन बोटं लांब शिवून घ्या. गाडी चालवताना सीटबेल्टचा पट्टा नेमका तिथूनच येतो, म्हणून पट्टा लावून, बसून, उठून सगळं रिकाम्या हत्यारानं घरी करून बघा. खिशात नुसतं टाकायचं तर अजिबात नको, किल्ली नाहीतर पेन चापात अडकलं की मांडी गेली.

तर माझं मत प्रबल, नाहीतर साधं .३२ आखूड नळीचं. निर्भीक वाईट नाही, पण तुमच्या हाताचा पंजा मोठा असणार, मूठ पुरणार नाही. दुकानात तिन्ही हातात घ्या, रिकामं आहे हे स्वतः बघून, दुकानदाराला विचारून घोडा न चढवता नुसता चाप ओढा, सलग सहा वेळा. चौथ्या वेळेला बोट थरथरायलं आणि नळी खाली जायली तर ते हत्यार तुमचं नाही, मग किंमत काहीही असो. जुन्या डिझाईनचं घेतलं तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवून पाच गोळ्यांवरच चालवा, आपटून उडायची भीती नको.

प्रॅक्टिसला शेतात बाभळीवर नेम धरू नका. आवाज झाला की कोणीतरी ११२ ला फोन लावतं आणि लायसनच धोक्यात. जिल्ह्याच्या रायफल असोसिएशनला विचारा. घरी रोज डमी राउंड (नकली गोळ्या) घालून चाप ओढायचा सराव करा, खऱ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून.

आणि उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये लातूरला जो घाम येतो त्यानं काळ्या पॉलिशचं लोखंड आठ दिवसात लाल पडतंय. चामड्याचं होलस्टर घाम धरून ठेवतं, रात्री हत्यार त्याच्यात ठेवायचं नाही, काढून, कोरड्या फडक्यानं पुसून, तेलाचा पातळ हात फिरवून तिजोरीत.

प्रश्न: मी अंबाजोगाईजवळ दवाखाना चालवते. रात्री-अपरात्री इमर्जन्सीला जावं लागतं, आणि पेशंट दगावला की नातेवाइकांचा जमाव येतो तो वेगळाच. लायसनला अर्ज केलाय. निडर म्हणून २५० ग्रॅमचं येतं ते पर्समध्ये ठेवायला बरं का?
— एक डॉक्टर

उत्तर: मॅडम, दोन गोष्टी तुम्ही एकत्र केल्यात त्या आधी वेगळ्या करू. रात्रीचा रस्ता हा एक विषय. दवाखान्यातला जमाव हा पूर्ण दुसरा, आणि तिथं रिव्हॉल्व्हर काढणं म्हणजे पन्नास माणसांत आठ गोळ्या घेऊन उभं राहणं, मागून कोणीतरी हात धरणार आणि मग हत्यार त्यांच्या हातात. त्याच्यासाठी कॅमेरे, मागचं दार, पोलीस ठाण्याचा नंबर आणि २०१० चा महाराष्ट्राचा डॉक्टरांवरच्या हल्ल्याचा कायदा. ओपीडीत हत्यार ठेवूच नका.

रस्त्यासाठी म्हणाल तर निडर .२२ आहे, इच्छापूरच्या फॅक्टरीचं, आठ गोळ्या. हलकं खरंच आहे, झटका नाहीच म्हणा. पण .२२ च्या काडतुसात मसाला पेंद्याच्या कडेला भरलेला असतो, त्यामुळं फुसकं निघायचं प्रमाण .३२ पेक्षा जास्त, आणि गोळी बारीक. रिकाम्या .२२ चा चाप ओढत बसायचं नाही, सुई (फायरिंग पिन) घराच्या कडेवर आपटून खराब होते, डमीशिवाय सराव नको. एवढुशी मूठ दोन बोटांतच मावते म्हणून चाप ओढताना सगळं हत्यार वळतं. हाताला जमत असेल तर मी निर्भीक आणि निडर दोन्ही ओढून बघायला सांगीन, बहुतेक जणी निर्भीकवर येतात असा माझा अंदाज.

पर्सचं मात्र मला पटत नाही. पर्स ओपीडीच्या खुर्चीला अडकवता, गाडीच्या सीटवर टाकता, मुलं चॉकलेट शोधायला हात घालतात, आणि चोर पहिल्यांदा पर्सच ओढतो. न्यायचीच तर हत्याराला वेगळा चेनचा कप्पा, आत घट्ट होलस्टर, त्या कप्प्यात दुसरी एकही वस्तू नाही, आणि पट्टा अंगावर तिरका. कुर्त्याखाली कमरेला बेली बँड (हत्यार ठेवायचा ताणणारा कापडी पट्टा) लावता आला तर जास्त बरं.

अर्जात धोक्याचा पुरावा जोडा, आधीच्या तक्रारी, एनसी (अदखलपात्र नोंद), काही असेल ते. मस्साजोगच्या सरपंच खून प्रकरणानंतर बीड जिल्ह्यात परवाने तपासून शेकड्यानं रद्द झालेत, त्यामुळं आता नुसतं "जीविताला धोका" लिहून भागत नाही, आणि ते बरंच झालं. नामंजूर झालं तर ३० दिवसांच्या आत संभाजीनगरला विभागीय आयुक्तांकडं अपील करता येतं.

प्रश्न: लायसनला लई टाइम लागतो, एक जण पंधरा हजारात गावठी द्यायलाय. सध्या ते घेऊन नंतर लायसन काढलं तर चालतं का? भावाच्या वरातीत पण लागंल.
— नाव नको

उत्तर: नाही चालत. गावठी कट्ट्यावर लायसन कधीच मिळत नाही, बिनपरवाना सापडला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी २ वर्षं, जास्तीत जास्त ५, आणि नंतर आयुष्यात खरं लायसन विसरा. कट्ट्याची नळी बहुतेक साध्या पाइपाची असते, ती पुढच्यापेक्षा धरणाऱ्याच्या हातात फुटायची शक्यता जास्त. वरातीत तर लायसनवाल्यानं उडवलं तरी २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. भावाला बँड लावून द्या.

प्रश्न: वडील ७२ वर्षांचे, त्यांच्याकडं जुनं .३२ रिव्हॉल्व्हर आणि आजोबांची बारा बोअर आहे. आता त्यांना जमत नाही. रिव्हॉल्व्हर माझ्या नावावर होईल का, का विकून नवीन छोटं घेऊ? इलेक्शनला दर वेळी जमा करायला मीच जातो.
— परभणी जिल्हा

उत्तर: होतं. धारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडं असलं तर वारसाच्या नावावर परवाना देता येतो, नियम २५ बघा. वडिलांची संमती, बाकी वारसांची ना-हरकत, तुमचा स्वतःचा अर्ज, पोलीस पडताळणी, ट्रेनिंग, सगळं लागतंच. २०१९ पासून एका माणसाला दोनच हत्यारं, वारशानं आलेली धरून, त्यामुळं तुम्ही दोन्ही घेतली तर कोटा संपला, नवीन छोटं घेता येणार नाही हे आत्ताच ठरवा.

जुनं विकायची घाई करू नका. आधी चांगल्या आर्मररला (हत्यारं तपासणारा-दुरुस्त करणारा) दाखवा, सिलिंडर घोडा चढवल्यावर डुगडुगतंय का, नळीच्या आत खड्डे पडलेत का, मधल्या मोडायच्या कुलपात ढिलाई आहे का. ही तीन ठीक असतील तर नव्या मालापेक्षा जुनं कधीकधी गुळगुळीत चालतं, आणि वडिलांच्या हातानं झिजलेला चाप नव्यापेक्षा हलका असतो.

एक मात्र, जमा करायला तुम्ही जाता म्हणता ते बंद करा. परवाना वडिलांच्या नावावर असताना तुम्ही एकट्यानं ते गाडीत घेऊन निघालात तर कागदावर तुमच्याकडं बिनपरवाना हत्यार आहे. वडिलांना सोबत घेऊन जा, त्यांना चालणं होत नसेल तर ठाण्यात आधी सांगून लेखी परवानगी घ्या, आणि जमा केल्याची पावती नंबरासकट नीट तपासून घ्या, परत घेताना तोच नंबर जुळवून बघा.