तब्येतीची विचारपूस : पत्रावर 'कॅन्सर' लिहिलंय, म्हणजे झालाच का?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. मिस्टरांचा (वय ५२) आवाज दीड महिना झाला बसलाय, सिगारेट सोडून बरीच वर्षं झाली. जीपीने (आमच्या फॅमिली डॉक्टरने) 'अर्जंट सस्पेक्टेड कॅन्सर रेफरल' केलं, म्हणजे कॅन्सरच्या संशयावरून तातडीने स्पेशालिस्टकडे पाठवलं, आणि ते पत्र वाचल्यापासून घरात कोणाला झोप नाही. मैत्रिणीला पण असंच पाठवलं होतं, तिचं काहीच निघालं नाही. मग हे सगळ्यांनाच पाठवतात का? याचा खरंच उपयोग होतो की नुसतीच घाबराघाबर?

उत्तर : ताई, आधी झोपेचं बघू. डोकं-मानेच्या (म्हणजे तोंड, घसा, स्वरयंत्र वगैरे) कॅन्सरच्या संशयावरून जे पाठवले जातात त्यातल्या शंभरातल्या दहापेक्षाही कमी लोकांना कॅन्सर निघतो. आणि हे मुद्दामच तसं ठेवलंय बरं का, कारण नाइस, म्हणजे तिथल्या डॉक्टरांसाठी नियम ठरवणारी संस्था, तिच्या २०१५ च्या गाइडलाइनमध्ये साधारण ३ टक्के शक्यता असली तरी पाठवा असा हिशोब धरलाय, म्हणजे शंभरातल्या ९७ पर्यंत लोकांचं काही निघणार नाही हे त्यांना आधीच माहीत आहे. तुमच्या मैत्रिणीचं काही निघालं नाही म्हणजे रेफरल वाया गेलं असं नाही. ४५ च्या पुढचा माणूस, आवाज बसलाय आणि कारण सापडत नाही, की पाठवायचं. मिस्टर त्यात अगदी बरोबर बसतात, जीपीने योग्यच केलं.

आता उपयोगाचं. ही पद्धत डोकं-मानेसाठी २००० साली सुरू झाली, तेव्हा दोन आठवड्यांत स्पेशालिस्टने बघायचं असा नियम होता. ऑक्टोबर २०२३ पासून तो गेला, आता २८ दिवसांत 'कॅन्सर आहे' किंवा 'नाही' हे पेशंटला सांगायचं असतं, आणि असला तर रेफरलपासून ६२ दिवसांत उपचार सुरू. मला हा बदल पटतो, कारण नुसतं डॉक्टरसमोर बसवून काय होतं, खरा वेळ जातो तो स्कॅन, बायॉप्सी आणि रिपोर्टमध्ये. अर्थात टार्गेट कागदावर आहे म्हणून ते प्रत्येक वेळी पाळलं जातंच असं नाही.

पण खरी गोम वेगळीच आहे. या रस्त्यावर गर्दी प्रचंड, आणि तरी डोकं-मानेच्या कॅन्सरचा मोठा भाग या रस्त्याने येतच नाही, कोणी साध्या रेफरलने येतं, कोणी डेंटिस्टकडून, कोणी थेट इमर्जन्सीत. त्यामुळे या पद्धतीने जीव किती वाचले हे ठामपणे सांगणं अवघड आहे. म्हणून वय, लक्षणं, सिगारेट-दारू घालून रिस्क काढणारा एक कॅल्क्युलेटर ब्रिटनमध्ये बनवलाय, २०२० मध्ये कोविडच्या काळात फोनवरून कोणाला आधी बोलवायचं ते ठरवायला तो वापरला गेला. लवकर सापडण्याचा फायदा मात्र खरा आहे, स्वरयंत्राच्या पट्टीवरचा कॅन्सर पहिल्या स्टेजला सापडला तर पाच वर्षांनी दहातले साधारण नऊ जण हयात असतात, आणि तो लवकर सापडतो कारण आवाज लगेच बिघडतो.

क्लिनिकमध्ये नाकात बधिर करणारा स्प्रे मारून बारीक नळीचा कॅमेरा घशापर्यंत घालतात, 'ईऽऽ' म्हणायला लावतात, दोन-तीन मिनिटांचं काम. डोळ्यांत पाणी येतं, दुखत फारसं नाही. पुष्कळदा तिथल्या तिथे सांगतात. फक्त आवाज सुधारतोय असं वाटून अपॉइंटमेंट कॅन्सल करू नका.

प्रश्न : वय ३८, मानेत न दुखणारी गाठ, एक महिना झाला. सिगारेट-दारू काही नाही. जीपीने फोनवरच अँटिबायोटिक दिलं, कोर्स संपला, गाठ तशीच. थांबू का?

उत्तर : थांबू नका. वरचा ४५ चा आकडा स्वरयंत्राच्या कॅन्सरसाठी आहे, तोंडाच्या कॅन्सरच्या नियमात कारण न सापडलेल्या आणि न जाणाऱ्या मानेच्या गाठीला वयाची अटच नाही. शिवाय एचपीव्ही व्हायरसमुळे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणारा कॅन्सर सिगारेट न ओढणाऱ्यांनाही होतो आणि त्यात कित्येकदा पहिली खूण म्हणजे अशीच न दुखणारी गाठ. बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण फोनवर गाठ चाचपता येत नाही, समोर बसून बघा म्हणावं.

प्रश्न : वडील गुटखा खायचे, गालात आतून लाल-पांढरा चट्टा आहे. जीपी की डेंटिस्ट?

उत्तर : जो आधी भेटेल तो. डेंटिस्ट तोंड जास्त नीट बघतो आणि तोही अर्जंट रेफरल करू शकतो, पण एनएचएसचा (सरकारी आरोग्यसेवेचा) डेंटिस्ट मिळेपर्यंत वाट बघत बसू नका, जीपीला सांगा. लाल भाग असलेला चट्टा जास्त गंभीर धरतात. आणि गुटख्याचं स्वतःहून सांगा, किती वर्षं आणि कुठल्या गालात धरायचे तेही, कारण तिथले डॉक्टर सिगारेटचं विचारतात, गुटखा-सुपारीचं विचारतीलच असं नाही.