धातूच्या पेटीतली फट: लांबी मोजा, क्षेत्रफळ नको

धातूची पेटी रेडिओ लहरी अडवते, पण तिच्यातली फट किती अरुंद आहे यावर विसंबू नका. लहरींची गळती ठरते फटीच्या सर्वांत लांब मापावर. तरंगलांबीला फटीच्या दुप्पट लांबीने भागा, १० पायाचा लॉग घ्या, २० ने गुणा; हे झालं डेसिबलमधलं संरक्षण, म्हणजे लहरी किती अडतात त्याचं माप. १ गिगाहर्ट्झला तरंगलांबी ३०० मिमी. ३० मिमी फटीतून फक्त १४ डेसिबल संरक्षण मिळतं. अशा १० फटी जवळजवळ असतील तर आणखी १० वजा करा, म्हणजे उरले ४!

खरा घात झाकणाच्या सांध्यात होतो. स्क्रू १०० मिमी अंतरावर आणि मध्ये रंग असेल, तर १.५ गिगाहर्ट्झला तो सांधा चक्क अँटेना बनतो. आधी रंग खरवडा, मग वाहक गॅस्केट (सांधा बुजवणारी, वीज वाहणारी पट्टी) बसवा. हवेसाठी एका लांब खाचेऐवजी लहान गोल भोकं बरी.