कवळीखालची बुरशी

प्रश्न : सासूबाईंना मधुमेह आहे. कवळीखाली टाळू लालभडक होतो, जिभेवर साय धरल्यासारखा पांढरा थर येतो. रिपोर्टात ‘यीस्ट पेशी व स्यूडोहायफी’ लिहिलंय. म्हणजे जंतू दोन का? आम्ही सान्नांच्या (तांदळाच्या वाफवलेल्या, इडलीसारख्या) पिठात सूर (माडाची ताडी) घालतो, त्यातलंच हे यीस्ट का? – एक वाचक, डिचोली

उत्तर : सुराला बोल लावू नका. त्यातलं आंबवणारं यीस्ट वेगळं, शिवाय सान्नां वाफवताना ते मरतंच. तोंडात बहुधा कँडिडा अल्बिकन्स ही बुरशी आहे, आणि रिपोर्टातली दोन्ही रूपं एकाच जंतूची असू शकतात : यीस्ट म्हणजे सुट्या गोल पेशी, स्यूडोहायफी म्हणजे लांबट पेशींची धाग्यासारखी साखळी.

गोल पेशीच्या रूपात ती अनेकांच्या तोंडात गुपचूप राहते. ३७ अंश तापमान, रक्तातला द्रव, आम्लता कमी झालेली जागा मिळाली की तिला धागा फुटतो. धागा कातडीच्या पेशींना घट्ट चिकटतो, आत घुसतो आणि कँडिडालायसिन सोडतो. अवघ्या ३१ अमिनो आम्लांचं हे विष पेशीच्या पडद्याला भोकं पाडतं. त्याचा शोध २०१६ मध्ये लागला. रक्तातल्या पांढऱ्या पेशीने बुरशी गिळली, तरी धागा तिला आतून भोसकून बाहेर येतो.

प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी दिसतं. अर्धा मिलिलिटर सीरममध्ये (रक्तातल्या द्रवात) बुरशीच्या वसाहतीचा अगदी किंचित अंश मिसळून ३७ अंशांवर दोन ते तीन तास ठेवतात आणि थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पेशीतून फुटलेली नळी, म्हणजे धाग्याची सुरुवात, मुळाशी आवळलेली नसेल तर ती खरी, म्हणजे बहुधा अल्बिकन्स. आवळलेली असेल तर स्यूडोहायफी. हात सैल सुटून जास्त बुरशी पडली तर नळ्या फुटतच नाहीत, कारण दाटीत या पेशी फार्नेसॉल नावाचं रसायन सोडून एकमेकींना थोपवतात. तीन तासांहून जास्त ठेवलं तर कँडिडा ट्रॉपिकॅलिस ही दुसरी जातही तशाच दिसणाऱ्या नळ्या काढून फसवते.

औषध घेऊनही त्रास परत येतो तो बहुतेकदा कवळीमुळे. अॅक्रिलिकवर बुरशीचा चिकट थर बसतो, औषध तिथवर पोचत नाही. रात्री कवळी काढायचीच. ब्रशने घासून जंतुनाशकात बुडवायची. क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक वापरत असाल तर निस्टॅटिन या बुरशीनाशकाचे थेंब त्याच वेळी देऊ नका, दोन्ही एकमेकांना निकामी करतात. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर फ्लुकोनॅझोल हे बुरशीनाशक घेण्याआधी डॉक्टरांना सांगा.

एवढं करूनही उतरलं नाही, तर कल्चर करून जात ओळखून घ्या. कँडिडा ग्लॅब्राटा खरा धागा न काढताही आजार करते, आणि फ्लुकोनॅझोलला फारशी जुमानत नाही.