पसारा नको म्हणून आणलेली पाटी

यावेळच्या बहुतेक पत्रांत एकच अडचण आहे: मूल रंगवायला मागतं, पण भिंती आणि गाद्या खराब व्हायला नकोत. त्यातले काही प्रश्न घेते.

प्रश्न: मुलगी १४ महिन्यांची आहे. झिपच्या पिशवीत रंग भरून दिला तर चालेल?

चालेल, पण पिशवी मोकळी हातात देऊ नका. जाड पिशवीत दोन रंग चमचा-चमचा घाला, हवा काढून तोंड बंद करा आणि चारही कडा रुंद चिकटपट्टीने टेबलाला पक्क्या चिकटवा. तुम्ही शेजारी बसा. खेळ झाला की पिशवी लगेच उचला. प्लॅस्टिक नाकातोंडावर बसलं तर एवढ्या बाळाला ते बाजूला सारता येत नाही.

प्रश्न: ब्रश आणि नुसतं पाणी?

उत्तम. पाणी वाटीत द्या, बादलीत नको.

प्रश्न: डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलंय. म्हणजे तोंडात गेला तरी हरकत नाही ना?

चुकून बोटभर गेला तर बहुधा काही होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. खाण्याजोगा असा नव्हे. शिवाय त्या शब्दाचा डबीच्या झाकणाशी संबंध नाही, आणि झाकण घशात अडकतं. जास्त रंग पोटात गेला तर डबी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.

प्रश्न: या कटकटीपेक्षा बटण दाबलं की पुसली जाणारी इलेक्ट्रॉनिक पाटी घेतली. दोन वर्षांच्या मुलासाठी ठीक आहे ना?

आधी पाटी उलटी करा. सेलचं झाकण स्क्रूने घट्ट बसलेलं आहे का? नुसतं नखाने उघडत असेल, तर ती पाटी आजच मुलापासून दूर ठेवा. अशा बहुतेक पाट्यांत नाण्यासारखा चपटा सेल असतो. ‘डाग नाहीत, पसारा नाही’ हे खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापतात आणि सेलची सूचना मागे बारीक टाइपात. याची मला चीड येते. २० मिलिमीटरचा लिथियम सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतो. ओलाव्यात त्यातून वीज वाहते, तिथे तीव्र अल्कली तयार होतं आणि दोन तासांतही गंभीर भाजू शकतं. पाटी चालेनाशी झाली तरी सेलमध्ये इजा करण्याइतकी वीज उरते. मूल लाळ गाळतं, खोकतं, जेवत नाही. घरचे सर्दी समजतात. ‘शी वाटे पडेल’ हा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, थेट एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात जा. सकाळची वाट पाहू नका. सेल नाकात किंवा कानात घातला असेल तरी हीच घाई करा.

प्रश्न: हातावरचे डाग थिनरने काढावेत, असं शेजारी सांगतात.

अजिबात नको. साबण आणि कोमट पाणी. पुरळ उठलं तर दाखवा.

प्रश्न: अडीच वर्षांचा मुलगा ओल्या रंगाला बोटही लावत नाही, रडतो. होईल आपोआप?

नुसतं एवढंच असेल तर बळजबरी करू नका, ब्रश द्या. पण मऊ अन्न, केस विंचरणं, नवे कपडे यांवरूनही तो असाच कळवळत असेल, किंवा बोलणं मागे असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. गरज वाटली तर ते व्यवसायोपचार तज्ज्ञांकडे (ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे) पाठवतील. त्यासाठी तिसऱ्या वाढदिवसापर्यंत थांबू नका, या आठवड्यातच वेळ घ्या.