राजीनामा द्यायच्या आधी जरा हे वाच

तुझा मेसेज वाचला, शाळा सोडून निवडणुकीला उभं राहायचं म्हणतोयस. मी नको म्हणणार नाही, पण त्याआधी तुला ऑगस्टिन केलरबद्दल सांगायचंय. स्वित्झर्लंडमधल्या आरगाऊ प्रांताचा हा माणूस, जन्म १८०५ चा, पेशाने मास्तर. १८३४ मध्ये प्रांताच्या अध्यापक विद्यालयाचा प्रमुख झाला आणि १८५६ पर्यंत तिथेच राहिला, म्हणजे बावीस वर्षं, आणि ह्याच काळात तो प्रांताच्या विधिमंडळातही बसायचा. मुलांसाठी वाचनाची पुस्तकं लिहिली, आणि भावी मास्तरांना चक्क शेतात राबायला लावलं, कारण ज्यांना शेतकऱ्यांची पोरं शिकवायचीत त्यांना माती कळायला नको का? मला त्याचं सगळ्यात जास्त हेच आवडतं.

आता त्याची दुसरी बाजू. १३ जानेवारी १८४१ ला त्याने विधिमंडळात कॅथलिक मठांविरुद्ध असं भाषण केलं की सभागृहाने प्रांतातले सगळे मठ बंद करायचं ठरवलं, आणि केलर स्वतः कॅथलिक होता बरं का. भर थंडीत साधूंना घरदार सोडून निघावं लागलं. नन्सचे मठ १८४३ मध्ये परत सुरू करावे लागले, पण वाद पेटला तो पेटलाच आणि १८४७ च्या यादवीमागे जी कारणं होती त्यात हेही एक. त्याच वर्षी त्याचं अध्यापक विद्यालय वेटिंगेनच्या रिकाम्या झालेल्या मठात गेलं. शाळेसाठी जागा मिळाली हे खरं, पण माणसांना असं हाकलून मिळालेली जागा मला आजही टोचते. सभागृहात टाळ्या मिळतात ना तेव्हा ज्याचं घर जाणार आहे तो माणूस समोर नसतो, हे तू लक्षात ठेव.

आणि तरी हाच केलर पुढे ज्यूंच्या बाजूने उभा राहिला! तिथल्या ज्यूंना एंडिंगेन आणि लेंगनाऊ ह्या दोन गावांतच राहायची सक्ती होती, १८६२ मध्ये त्यांना समान हक्क द्यायचा कायदा आला तर लोक एवढे भडकले की त्यांनी मतदान करून अख्खं विधिमंडळच घरी पाठवलं. केलर मागे हटला नाही. देशभर कुठेही राहायची मोकळीक ज्यूंना १८६६ मध्ये मिळाली.

१८५६ नंतर तो प्रांताच्या सरकारात गेला, शिक्षण खातं सांभाळलं, १८६५ चा शाळा कायदा त्याच्याच काळातला. खात्यात बसला तेव्हा त्याने तयार केलेले मास्तर आधीच गावोगाव शिकवत होते. तुझ्या हाताखाली आत्तापर्यंत किती नवे शिक्षक तयार झालेत? राजीनाम्याचा कागद लिहायच्या आधी त्यांची नावं एका वहीत लिही आणि रविवारी ती वही घेऊन घरी ये, जेवायलाच ये, निवांत बोलू.